उजनी किती टक्क्यांवर आहे?

दिवाळी संपली की प्रश्न सुरू होतो, "भिगवणला फ्लेमिंगो नक्की कधी दिसतात?" सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मी पुण्याहून वर्षानुवर्षं तिकडे जाते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझ्याकडे एखादी तारीख असेल असं लोकांना वाटतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: तारीख सोडा, भिगवण ज्याच्या काठावर आहे ते उजनी धरण किती टक्क्यांवर आहे ते बघा.

फ्लेमिंगोला, म्हणजे आपल्या रोहित पक्ष्याला, नुसतं पाणी असून भागत नाही. त्याला चिखल लागतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो पायांनी गाळ ढवळतो, लांबच लांब मान खाली घालतो आणि चोच चक्क उलटी धरून पाणी गाळून घेतो. शेवाळ, किडे, बारीकसारीक जीव आत राहतात, पाणी बाहेर. धरण तुडुंब असेल तर हा उथळ चिखल पाण्याखाली खोल गेलेला असतो. मग थवा येतो तो उशिरा, किंवा विखरून लांब कुठेतरी बसतो. पाणी हटत गेलं की काठाचा गाळ उघडा पडतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी रेघ दिसायला लागते.

टक्क्यांचं गणितही जरा गमतीचं आहे. उजनीत साधारण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं, पण त्यातलं 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचं, हिशोबात न धरलेलं पाणी. टक्केवारी काढतात ती वरच्या उपयुक्त साठ्यावर. म्हणून उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्यात उतरलं की पेपरात "उजनी उणे वीस टक्के" अशी बातमी येते आणि पुण्यातला माणूस चक्रावतो. 2024 च्या उन्हाळ्यात तर ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती.

आता खरी गोष्ट. या आकड्याकडे अख्खा टापू डोळे लावून बसलेला असतो आणि प्रत्येकाला तो वेगळा हवा असतो. सोलापूरला प्यायला पाणी हवं. ऊसवाल्याला मोटार पाण्यात राहायला हवी. पाणी मागे सरकलं की पाइप वाढवत न्यायचा खर्च त्याच्या डोक्यावर. ज्याची गाळपेर आहे त्याला पाणी वेळेवर उतरायला हवं, म्हणजे उघड्या पडलेल्या जमिनीत काहीतरी पेरता येतं. आणि काठावरच्या कुंभारगाव, डिकसळच्या, पक्षी दाखवायला नेणाऱ्या होडीवाल्याला हवा चिखल. पुष्कळदा हे सगळे एकाच घरात असतात. थोरला ऊस करतो, धाकटा होडी चालवतो. पाऊस कमी झाला की धाकट्याचा हंगाम लवकर लागतो आणि थोरला कपाळाला हात लावतो. पर्यटनानं गावाचा उद्धार झाला असं कोणी सांगायला लागलं की मला हे घर आठवतं. उद्धारबिद्धार नाही, पण दुसरा एक आधार मिळाला, आणि तो थोडाथोडका नाही.

मुळात हे पाणी गावाच्या मर्जीनं आलेलं नाही. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची चांगली काळी रानं, गावं पाण्याखाली गेली. जुन्या पळसदेवचं देऊळ पाणी फारच आटलं की वर येतं, तेव्हा लोक बघायला जातात. जमीन गेलेल्यांपैकी काही जण मासेमारीकडे वळले, आधीपासूनचे भोई होतेच. पक्षी मागाहून आले, आणि पक्ष्यांमागून आपण, गळ्यात कॅमेरे अडकवून. लोक त्याला अभयारण्य म्हणतात, पण कागदोपत्री ते अभयारण्य नाही. कुंपण नाही, पहारा नाही. पाण्यावर दिवसभर कोण असतं? होडीवालाच. नवखं जाळं कुठे लागलंय, कोण कशासाठी फिरतंय, हे त्याला सगळ्यात आधी दिसतं. पक्ष्यांवर त्याचं घर चालत असेल तर तो गप्प बसत नाही. माझ्या मते या सगळ्या पर्यटनातली कामाची गोष्ट ती एवढीच.

ती बिघडवायचं काम मात्र आपण करतो. थवा जवळ आला की होडीवाला इंजिन बंद करतो, बांबू तळाला टेकवून होडी हळूहळू पुढे सरकवतो. पुढचे चार-पाच पक्षी माना वर काढतात, एका दिशेनं चालायला लागतात. चाल वाढली की समजायचं, आणखी पुढे जायचं नाही. नेमकं त्याच वेळी मागून आवाज येतो, "काका, उडवा ना जरा!" उडताना पंखाखालचा लाल-काळा रंग दिसतो, फोटोला तो हवा असतो. मागच्या खेपेला नावाड्यानं नाही ऐकलं म्हणून शेजारच्या होडीतल्या मंडळींनी पैसे कापायची भाषा केली. आमचा नावाडी पुटपुटला, "ह्यांना फोटू पायजे, त्या पाखराला पोट भरायचंय." रोहितला उडायला पाण्यावरून बरंच धावावं लागतं, दिवसातून दहा होड्यांनी दहा वेळा उडवलं तर तो खाणार कधी? तेव्हा होडीत बसतानाच सांगा, उडवू नका. गिऱ्हाइकानं सांगितलं की त्यालाही बरं वाटतं.

नुसत्या फ्लेमिंगोसाठी जात असाल तर निम्मा पैसा वाया. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब थंडीत गाळपेरीच्या कडेनं चरत असतात. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, आणि वारकरी नावाचे पक्षी तर दिंडीनं. होडीवरची गावातली पोरं ही नावं मराठीत सांगतात आणि लगेच "बार-हेडेड गूज" म्हणूनही दाखवतात, उच्चार आपल्यापेक्षा बरा.

पाण्याला वास का येतो, हेही विचारतात. येणारच. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्या-पिंपरीचं सांडपाणी उजनीत येऊन थांबतं. आपण शनिवारी गाडी काढून पोचायच्या आधी आपली बादली तिथे पोचलेली असते. त्यावर जलपर्णी माजते. जाळ्यात चिलापी हा बाहेरून आलेला मासाही बरा म्हणायची वेळ येते, कारण दुसरा येतो तो हेलिकॉप्टर मासा: काटेरी, खवल्यांचं चिलखत घातलेला, कोणी खात नाही, वर जाळं फाडतो. यातलं काहीही होडीवाल्याच्या हातात नाही.

तर जायचं असेल तर आधी टक्केवारी बघा, मग गावात फोन करून "चिखल कुठवर आलाय" असं विचारा. पहाटेच निघा, दुपारनंतर वारा सुटतो. मे 2024 मध्ये कळाशी-कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जण गेले, तेव्हा लाइफ जॅकेट नसेल तर होडीत बसू नका, कोणी कितीही हसलं तरी. जेवण गावातच घ्या, हायवेच्या हॉटेलात नको. फक्त किती माणसं ते आदल्या दिवशी सांगा, माशाचा अंदाज त्यावर धरतात. शाकाहारी असाल तर तेही सांगा, नाहीतर ऐन वेळी रश्श्यातून मासा काढून "घ्या, आता झालं शाकाहारी" असं ऐकायची तयारी ठेवा.