धामणाच्या धनुष्याला लावलेले ठिगळ

मुरबाडला मामांच्या बांधावरचा धामण मे महिन्यातल्या वादळात पडला आणि त्याच्या खोडाचा उभा फाडलेला, सहा फुटांचा एक तुकडा मी परळच्या आमच्या चाळीत आणला. कुऱ्हाडीचे दांडे आणि बैलगाडीचे भाग यांसाठी पूर्वापार वापरले जाणारे हे लाकूड चिवट आणि लवचीक असते, आणि संस्कृतात या झाडाला धनुर्वृक्ष असेही नाव आहे. कोणताही थर न चिकटवता, एकाच लाकडातून घडवलेले धनुष्य याच झाडाचे व्हावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

मुंबईच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि लाकूडही एरवीपेक्षा जास्त ओलावा धरून बसते. ओलसर लाकडाचे धनुष्य वाकवले की ते पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. म्हणून ते चार महिने मी लाकडाला हत्यार लावले नाही. ऑक्टोबरमध्ये प्लायवुडच्या लांब पेटीत एक दिवा लावून त्यात लाकूड ठेवले आणि दर रविवारी खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचे वजन केले. सलग तीन रविवार वजन बदलले नाही, तेव्हा साल सोलली.

सालीखाली दोन दोष निघाले. एका टोकापासून सुमारे १८ सेंटिमीटर आत गेलेली चीर होती. टोके लवकर सुकून तडकू नयेत म्हणून त्यांना ऑइल पेंट लावतात; तो लावायला मी दोन दिवस उशीर केला होता, त्याचा तो परिणाम. शिवाय खालच्या भुजेवर, म्हणजे मुठीखालच्या वाकणाऱ्या भागावर, मुठीपासून ४० सेंटिमीटरवर आणि कडेला अगदी लागून, अंगठ्याएवढी गाठ होती व तिचा गाभा कुजलेला होता.

गिरणीच्या सुतारखात्यात उमेदीची वर्षे काढलेले शेजारचे काका रोज संध्याकाळी गॅलरीत येऊन बसत. मी चिरेची लांबी मोजत होतो, तेव्हा ते म्हणाले, “अरे, किती लांब आहे ते राहू दे. ती कुठे निघालीय ते बघ.” पुढचे सगळे काम मी या एका वाक्याच्या आधाराने केले. धनुष्य ओढले की बाणाकडची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते आणि आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबले जाते. तंतूंच्या दिशेने जाणारी उभी चीर भुजेच्या मधोमध संपत असेल, तर ती फारसे नुकसान करत नाही. तीच चीर तिरपी होऊन कडेला निघाली, तर भुजा तिथून फाटते. पाठीवर आडवा तडा असेल, तर ते लाकूड सोडून द्यावे, कारण ताणलेले तंतू एकदा तुटले की कोणताही गोंद ते काम करू शकत नाही.

माझी चीर मधोमध होती. तिच्यात पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू, थेंबाथेंबाने सोडले. ते आत शोषले जाईपर्यंत थांबून पुन्हा सोडले, असे पाच-सहा वेळा केले आणि वरून भुलेश्वरहून आणलेला रेशमी दोरा गोंदात भिजवून घट्ट गुंडाळला. असा दोरा चीर रुंदावू देत नाही, पण भुजेच्या लांबीच्या दिशेने तो काडीचेही बळ देत नाही, हे लक्षात ठेवावे लागते.

गाठीचा कुजका गाभा मी टोकदार पटाशीने कोरून काढला आणि त्या खड्ड्यात धामणाचाच बारीक भुसा मिसळलेले इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा गोंद) भरले. हे भरण ताण पेलत नाही, म्हणून गाठीभोवती भुजा चार मिलिमीटर जास्त रुंद ठेवली आणि जाडीही थोडी राखली. जाडी राखण्यात माझी चूक झाली.

कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: जाडी १० टक्के कमी केली, तर ताठपणा सुमारे २७ टक्के कमी होतो. गाठीजवळचा पट्टा ताठ राहिल्यामुळे त्याच्या आणि मुठीच्या मधल्या भागालाच सगळा वाक सोसावा लागला. दोरी चढवून, कप्पी आणि ताणकाटा लावून मी हळूहळू ओढ वाढवत होतो. २२ इंचांवर थांबून पोट तिरप्या उजेडात पाहिले, तेव्हा केसासारख्या आडव्या रेघा दिसल्या. लाकूड ताणापेक्षा दाबाला लवकर हार जाते आणि दाबाने चुरलेले तंतू अशा सुरकुत्या दाखवतात. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटले. गोंदाचा इथे काही उपयोग नसतो, कारण चिकटवायला फट नसतेच.

काकांशी बोलून ठिगळ लावायचे ठरवले. सुरकुत्यांच्या जागी १४ सेंटिमीटर लांब, मध्यभागी साडेतीन मिलिमीटर खोल आणि दोन्ही टोकांना शून्यावर येणारी उथळ खोलगट जागा गोल कानशीने केली. त्याच खोडाच्या उरलेल्या तुकड्यातून, तंतूंची दिशा तीच ठेवून, खालून फुगीर असा तुकडा घडवला. तो नीट बसतो का, हे पाहायला खोलग्याला खडू चोळायचा, तुकडा दाबायचा आणि जिथे पांढरे लागेल तेवढेच घासायचे. या एका सांध्याने माझ्या तीन संध्याकाळी घेतल्या आणि मला त्या कमी वाटल्या नाहीत. मग सावकाश सुकणारे इपॉक्सी लावले, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तुकडा आवळून बांधला आणि आठवडाभर हात लावला नाही.

नुसते ठिगळ पुरेसे नव्हते, कारण वाक तसाच राहिला असता, तर नव्या लाकडालाही सुरकुत्या पडल्या असत्या. म्हणून गाठीजवळचा आणि त्यापलीकडचा ताठ भाग काचेच्या कडेने खरवडत गेलो. दर वीस-पंचवीस हातांनंतर दोरी चढवून वाक पाहायचा, पुन्हा उतरवायची. दोन्ही भुजा सारख्या वाकेपर्यंत ओढीचे वजन, म्हणजे दोरी ओढून धरायला लागणारे बळ, मी ठरवलेल्या ४५ पौंडांवरून, २६ इंचांच्या ओढीला ३६ पौंडांवर आले. ते मी मान्य केले.

मामांच्या शेतात आतापर्यंत या धनुष्याने सुमारे तीनशे बाण सोडले आहेत. प्रत्येक वेळी दोरी उतरवल्यावर मी पाठीवरून कापसाचा बोळा फिरवतो. कुठे कुसळ उचलले असेल, तर कापूस तिथे अडकतो. गेल्या रविवारपर्यंत तो अडकलेला नाही. ठिगळाच्या वरच्या टोकाशी मात्र एक बारीक रेघ नखाला लागते, आणि तिच्या दोन्ही टोकांना मी पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आहेत.