हळदीचा अंगठा आणि मोबाईलचं बटण
आज विश्रामबागला यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप वापरायला सोपं व्हावं यासाठी, काम करणाऱ्या दोघांशी मनसोक्त गप्पा झाल्या. त्यातली एक जण हळदीच्या अडत दुकानांसाठी अ‍ॅप करतेय. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे चालू असताना ती दिवाणजींच्या शेजारी नुसती उभी राहून बघते. हळदीने माखलेला अंगठा, उन्हात न दिसणारा स्क्रीन आणि ‘जतन करा’ला अगदी चिकटून ‘रद्द करा’!

अक्षरांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१ हवा, हा नियम आहेच. ती म्हणाली, "दादा, यार्डातल्या उन्हात तेवढ्यानं भागत नाही."

पाच जणांकडून वापरून घेतलं तरी बहुतेक अडचणी कळतात, हे यूएक्स तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलंय. मग ती पाच माणसं यार्डातलीच हवीत, ऑफिसातली कशाला? मला हे मनापासून पटलं. पुढच्या सौद्याला मीही तिच्याबरोबर जाणार आहे.