खाली उतरलेला घात

रविवारची टेस्ट संपली, उत्तरतालिका फळ्याशेजारी चिकटवली आणि मी चहाला खाली उतरलो. दोन घोट पोटात जात नाहीत तोच जिन्यावरून हाक आली, "सर, अठरावा प्रश्न चुकलाय."

"प्रश्न चुकत नसतो, आपण चुकतो," हे माझं ठरलेलं उत्तर. पुण्यात नवी पेठेत स्पर्धा परीक्षेच्या पोरांना अंकगणित शिकवायला लागल्यापासून ते इतक्यांदा दिलंय, की तोंडातून आपोआप निघतं. पण हाक मारणारी परभणीकडची ती मुलगी होती. ही उगाच वर्गात हात वर करत नाही. प्रश्नपत्रिका घेऊन ती खाली आली आणि चहाच्या टपरीवरच अठराव्या प्रश्नावर बोट ठेवून उभी राहिली.

छापलं होतं: (०.२५)१.५ = ?

मी दिलेला प्रश्न होता, ०.२५ चा १.५ वा घात किती. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना डीटीपीवाल्याकडे डोक्यावरचा बारीक १.५ खाली उतरून कंसाला चिकटला होता. दोष एकट्या त्याच्यावर कशाला टाकू? प्रूफ माझ्याकडे आलं होतं. मी ते रात्री मोबाइलवर पाहिलं आणि मराठी शब्द तेवढे वाचले. घात असा वर, बारीक आकड्यात लिहायची रीत फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ साली आपल्या भूमितीच्या पुस्तकात रूढ केली. तेव्हापासून खिळे जुळवणाऱ्यांच्या आणि टायपिंगवाल्यांच्या किती पिढ्यांनी तो आकडा खाली पाडला असेल, देव जाणे.

पर्याय असे होते: (१) ०.३७५ (२) ०.१२५ (३) ०.०१५६२५ (४) यापैकी नाही. उत्तर दुसरा. पहिला पर्याय मी मुद्दाम घातलेला सापळा होता. दरवर्षी पोरं घात म्हणजे गुणाकार समजून ०.२५ ला १.५ ने गुणतात, म्हणून. आणि आता जे छापलं गेलं, त्याचं खरं उत्तर तेच! कंसाला लागून आकडा म्हणजे गुणाकार, हे आपणच शाळेपासून शिकवतो.

"तुला घात आहे असं वाटलं नाही का?"

"वाटलं ना सर. आधी तसंच सोडवलं होतं." तिने कच्च्या कामाचा कागद उलटला. ०.२५ म्हणजे एक चतुर्थांश, १.५ म्हणजे तीन छेद दोन. वर्गमूळ एक द्वितीयांश, त्याचा घन एक अष्टमांश, म्हणजे ०.१२५. सगळं तीन ओळींत. आणि त्यावर आडवी काट. "पण तुम्हीच सांगता ना, पेपरात जे छापलंय तेच सोडवायचं, मनातलं नाही. म्हणून मग पहिला पर्याय केला."

चहा तसाच ठेवून वर गेलो. ओएमआर, म्हणजे गोल काळे करायच्या उत्तरपत्रिका, चाळल्या तर जवळपास निम्म्या वर्गाने पहिला पर्याय काळा केला होता. आता यात छापलेलं नीट वाचणारे किती आणि माझ्या सापळ्यात पडलेले किती? ओएमआरवरचा काळा गोल ते सांगत नाही. मग सगळ्यांचे कच्चे कागद मागवले. पोरं वैतागली, मेसची वेळ झाली होती. दोघांनी तर कागद आधीच चुरगळून टाकला होता. तो डब्यातून काढायला लावला.

पहिला पर्यायवाल्यांपैकी बहुतेकांनी कसलाही विचार न करता गुणाकार केला होता. दोन-तीन जणांनी प्रश्नाशेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं. ०.३७५ हे ०.२५ पेक्षा मोठं आहे, आणि एकपेक्षा लहान धन संख्येचा एकाहून मोठा घात घेतला की उत्तर आणखी लहानच यायला हवं, हा साधा ताळा मात्र एकानेही मांडला नव्हता. दशांशाच्या घातांत पोरं नेमकी इथेच घसरतात. 'घात वाढला की संख्या वाढते' हे दोनचे, तीनचे घात पाठ करताना जे डोक्यात बसतं ते काही निघत नाही.

दुसरा पर्याय करणारे तरी पक्के असतील, असं मला वाटलं होतं. त्यांचे कागद मी नुसते वरवर बघत होतो. एका मुलाच्या कागदापाशी थांबलो. गुणाकाराऐवजी घातच आहे हे त्याने बरोबर ओळखलं होतं. खाली फक्त एवढंच: ०.२५ आणि त्याखाली ०.१२५. मधे काही नाही. तोंडी केलं असेल म्हणून कौतुकाने विचारलं.

"सोपंय सर. एक घात म्हणजे तीच संख्या. उरला अर्धा घात. अर्धा घात म्हणजे तिचं अर्धं करायचं. पॉइंट पंचवीसचं अर्धं पॉइंट एकशे पंचवीस."

मी खुर्चीवर बसलो. अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. त्याने निम्मं केलं. तरी उत्तर अगदी बरोबर! कारण ०.२५ चं वर्गमूळच नेमकं ०.५ येतं, आणि ०.५ ने गुणणं म्हणजे निम्मं करणं. सोपी पडावी म्हणून संख्या मीच निवडली होती. पोराला अंधारात बाण मारून लागेल अशी.

"बरं, ०.०४ चा दीड घात सांग."

"पॉइंट शून्य दोन." क्षणही लागला नाही.

०.०४ चं वर्गमूळ ०.२, त्याचा घन ०.००८. मी फळ्यावर ०.०४ च्या डोक्यावर एक द्वितीयांश काढला, शेजारी पुन्हा तेच काढलं आणि विचारलं, "पाया सारखा असला की गुणाकारात घातांची काय होते?" "बेरीज." "अर्धा आणि अर्धा?" "एक." "म्हणजे दोन सारख्या संख्यांचा गुणाकार ०.०४. संख्या कोणती?" तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. आठवीच्या पुस्तकात 'घातांक व घनमूळ' असा अख्खा पाठ आहे. त्याने तो नियम पाठ केला होता, पण या कामाला कधी लावला नव्हता. "पॉइंट दोन," तो हळूच म्हणाला.

प्रश्नाचं काय करायचं, यावर अर्धा तास वाद चालला. मी रद्द करणार होतो. परभणीची ती उसळली. "का सर? छापलेल्या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलंय. माझा गुण का जावा?" मुद्दा बिनतोड होता. शेवटी पहिला आणि दुसरा, दोन्ही पर्याय ग्राह्य धरले. त्यात सापळ्यात पडलेले फुकट तरले आणि निम्मं करणाराही तरला.

दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला. हातात आकड्यांनी भरलेला कागद.

"सर, माझी पद्धत अजून कुठे चालते ते बघत होतो. वर्गमूळ पॉइंट पाच यायला पाहिजे, म्हणजे पॉइंट पंचवीसच."

"बरोबर. तेवढी एकच."

"नाही सर," तो म्हणाला, "शून्याला पण चालते."