कंसातलं साल, शेवटची तारीख

आज सुट्टीचा सगळा दिवस मैत्रिणीच्या संदर्भसूचीत गेला. तिचा पीएचडीचा विषय जुनी मराठी नियतकालिकं, प्रबंध लाटेकमध्ये (कमांड लिहून पानं जुळवायची प्रणाली), सूचीला बिबलाटेक हे तिचं पॅकेज आणि नोंदी क्रमाने लावणारा बायबर हा प्रोग्राम, स्टाइल ऑथर-इयर, म्हणजे संदर्भ लेखकाचं नाव आणि साल असा द्यायचा. सकाळी फोनवर म्हणाली, "अगं ते सगळी तारीखच नावाला चिकटवतंय बघ, सर म्हणतात वर नावापुढे फक्त साल पाहिजे, दिवस महिना नोंदीच्या शेवटी." मी म्हटलं सर बरोबर बोलतायत, फाइल पाठव.

म्हणजे होतं काय, की आपण डेट फील्डमध्ये १८८१-०१-०४ असं नीट भरलं की ही स्टाइल आपणहून लेखकाच्या नावापुढे कंसात अख्खी तारीख ठेवते आणि खाली परत काहीच छापत नाही. स्टाइलला वाटतं एकदा सांगितलं ना, झालं. पण वाचणारा मजकुरातून नुसतं नाव आणि साल घेऊन सूचीत आलेला असतो, त्याची नजर उभी खाली सालांवरून घसरत जाते आणि मध्येच '४ जानेवारी' आडवा आला की अडखळते. एसटीची पाटी लांबून वाचता आली पाहिजे, कुठला थांबा किती वाजता ते मग आत बसल्यावर विचारू. कंसातलं साल सापडण्यासाठी असतं आणि शेवटची तारीख पुराव्यासाठी, ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही एकाच कंसात कोंबायची काही गरज नाही असं माझं ठाम मत.

उपाय एका ओळीचा, पॅकेजच्या ऑप्शनमध्ये मर्जडेट=फॉल्स. मग वर नावापुढे साल, खाली नोंदीच्या शेवटी पूर्ण तारीख. साल दोनदा छापलं जातं हे खरं, आणि साध्या पुस्तकाच्या एंट्रीत ते जरा बावळट दिसतं. तिथे फॉल्सऐवजी मिनिमम वापरून बघता येतं, म्हणजे दोन्ही अगदी सारखं असेल तिथेच एकत्र करायचं. मला विचाराल तर दोनदा दिसलं तरी चालेल, एक साल जास्त वाचून कुणी दमत नाही. नुसतं साल ठेवायचाही ऑप्शन आहे, डेट=इयर, पण वर्तमानपत्रांच्या सूचीत तो वापरणं म्हणजे हातातला पुरावा फेकून देणं.

आणि पुराव्याचं महत्त्व हिच्याच सूचीत दिसतं की. केसरीच्या १५ जून १८९७ च्या अंकातला मजकूर पुढे टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात आला, आणि त्यानंतर बरोब्बर एका आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. दोन्ही मंगळवार. आता सूचीत नुसतं '१८९७' लिहिलं तर आधी काय नंतर काय हेच पुसलं जातं, आणि इथे सगळा वादच आधी-नंतरचा आहे.

त्यात परत अक्षरांची भानगड. अग्रलेखांवर सही नसायची, मग लेखकाच्या जागी केसरी, आणि एकाच सालातले बरेच अग्रलेख असले की १८९७अ, १८९७आ, १८९७इ अशी रांग लागते (अ आ इ साठी एक्स्ट्राडेटचा, म्हणजे सालापुढच्या या अक्षराचा, फॉरमॅट आपला आपण लिहावा लागतो, नाहीतर रोमन ए बी सी येतात). ही अक्षरं तारखेप्रमाणे लागतात असा सगळ्यांचा समज असतो पण तसं नाही, ती सूचीच्या क्रमाने लागतात, आणि नेहमीचा क्रम नाव, साल, शीर्षक असा आहे. म्हणजे जुलैचा अग्रलेख अ आणि जूनचा आ होऊ शकतो, केवळ शीर्षकाचं पहिलं अक्षर कुठलं त्यावर. शिवाय मध्येच एक नवी एंट्री टाकली की पुढची सगळी अक्षरं सरकतात. मजकुरात सगळीकडे संदर्भ टाकणारी साइट कमांड असेल तर आपोआप बदलतात, पण कुणी हाताने 'पाहा १८९७आ' टाइप करून ठेवलं असेल तर संपलंच.

जेवण झाल्यावर शक. तिच्या निम्म्या नोंदी मुखपृष्ठावरून उतरवलेल्या, शके अमुक. तिने इयर फील्डमध्ये सरळ 'शके १८०२' लिहिलेलं, बायबर वॉर्निंग देतो की हा आकडा नाही, क्रम नीट लागणार नाही. बरं, ७८ मिळवून टाका म्हणावं तर केसरीचाच पहिला अंक घ्या ना, ४ जानेवारी १८८१, पौष, शके १८०२. १८०२ अधिक ७८ म्हणजे १८८०, अख्खं एक साल चुकलं! शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत, म्हणून जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या अंकांना ७९ मिळवायचे. महिना माहीत नसेल तर सरळ १८८०/१८८१ अशी रेंज द्यायची आणि मूळ 'शके १८०२' नोट फील्डमध्ये जसंच्या तसं ठेवायचं, ते काही झालं तरी गाळायचं नाही, कारण उद्या कुणाला ताडून बघायचं झालं तर अंकावर तेच छापलेलं सापडणार आहे.

दिवाळी अंकांचं तर भारीच आहे. बिबलाटेकला ऋतू कळतात, महिन्याच्या जागी २१ ते २४ लिहिलं की वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा. दिवाळी कुठून कळणार! मग डेटमध्ये नुसतं साल आणि इश्यू फील्डमध्ये 'दिवाळी'. १९०९ च्या मासिक मनोरंजनपासून आपल्याकडे ही परंपरा आहे आणि अंकावर 'दिवाळी' एवढंच असेल तर आपण उगाच नोव्हेंबर कशाला लिहायचा.

एक एंट्री बघून मात्र हसू आलं, (फुले १९६९). जोतीराव १८९० मध्ये गेले. गुलामगिरी १८७३ ची, ६९ हे सरकारी समग्र वाङ्मयाचं साल. ओरिजडेट, म्हणजे मूळ प्रकाशनाच्या तारखेचं फील्ड, याच्यासाठीच आहे, पण साधी ऑथर-इयर स्टाइल ते छापत नाही, एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) स्टाइल १८७३/१९६९ असं छापते. आम्ही दोनचार ओळींची डागडुजी करून तेच आणलं. पान नंबर ६९ च्या आवृत्तीचे असल्यामुळे ते सालही लागतंच.

शेवटी असं ठरलं की वर्तमानपत्रांची सूची वेगळी, मजकुरात (केसरी, १५ जून १८९७) असं सरळ तारखेनिशी, म्हणजे अक्षरांची कटकटच नको. "सर ऐकतील?" म्हणाली. नाहीच ऐकलं आणि सगळं एकाच सूचीत हवं म्हणाले तर शीर्षकाच्या आधी महिना आणि दिवस घेणारं सॉर्टिंग टेम्प्लेट, म्हणजे क्रम ठरवणारा नियम, लिहून प्रीअँबलमध्ये (फाइलच्या सुरुवातीच्या सेटिंगच्या भागात) कॉमेंट करून, म्हणजे तूर्त बंद ठेवलंय, पुढचं टक्क्याचं चिन्ह तेवढं काढायचं.