आरसा क्रमांक १: उतरलेली कड, बाबांची वही आणि एक वर्ष

मंडळी, दुर्बिणीसाठी घरी हाताने घासून बनवत असलेल्या माझ्या पहिल्या आरशाची कड सरळ झाली. रविवारी, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, शेवटची लोकल गेल्यावर आणि पंखे बंद करून अर्धा तास थांबल्यावर मी फुको चाचणीची सुरी (आरशावरून परतणारा प्रकाश हिच्या धारेने अडवला की पृष्ठभागाचे दोष सावल्यांसारखे दिसतात) आत सरकवली, तेव्हा आरसा मधोमधपासून काठापर्यंत एकाच वेळी राखाडी झाला आणि काठावरची ती केसासारखी बारीक उजळ रेघ डावीकडे आणि उजवीकडे सारखीच दिसली. फेब्रुवारीपासून ती एकाच बाजूला दिसत होती. मी मुलाला झोपेतून उठवून दाखवले. त्याने डोळा लावला, "हो, दोन्हीकडे आहे," एवढे म्हटले आणि तो परत जाऊन झोपला.

मागची नोंद मी जुलैमध्ये लिहिली होती आणि ती फारच चिडून लिहिली होती. मधल्या काळात इतके काही घडले की आरशाची प्रगती वेगळी आणि घरातल्या घडामोडी वेगळ्या असे सांगणे मला जमणार नाही; यंदा ही दोन्ही कामे एकाच टेबलावर चालली होती.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आरसा १५० मिलिमीटर व्यासाचा, एफ ८, म्हणजे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आणि वक्रतात्रिज्या २४०० मिलिमीटर. काच साधी, २५ मिलिमीटर जाडीची. २०२४ च्या दिवाळीपर्यंत ८० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायच्या भुकटीने) मधली खोली १.१७ मिलिमीटरपर्यंत आणली होती आणि डिसेंबरअखेर बारीक घासकाम संपले होते. पार्ल्यातल्या आमच्या घरात टेस्टर (चाचणीचे उपकरण) आणि आरसा यांच्यात २.४ मीटर मिळतात ते फक्त स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीच्या भिंतीपर्यंत, त्यामुळे चाचणी चालू असताना कोणालाही पाणी प्यायला उठता येत नाही. शिवाय रूळ जवळ असल्याने लोकल चालू असेपर्यंत प्रतिमा थरथरत राहते. चाचणीची माझी वेळ म्हणजे रात्री एक ते पहाटे चार.

टेस्टर बाबांनी बनवला. ते एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर. सरकपट्टी, दाढीच्या अर्ध्या ब्लेडची सुरी, एलईडीसमोरची फट आणि त्यांचा स्वतःचा जुना मिटुटोयो डायल (सुरी किती सरकली ते दाखवणारे मापक), असे सगळे त्यांनी दोन आठवड्यांत जुळवले. फुको चाचणी काय आहे हे मी त्यांना समजावले तेव्हा १८५८ मध्ये एवढ्याशा साहित्यात कोणी मायक्रॉनच्या खालचे मापत होता, या गोष्टीवर त्यांचा विश्वासच बसेना. मग मी त्यांना अंगठा आरशावर मिनिटभर टेकवायला लावला आणि सुरीपाशी बसवले. अंगठ्याच्या जागी टेकडी उभी राहिलेली आणि हळूहळू विरत जाणारी पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी आकडे सांगायचे आणि त्यांनी वहीत लिहायचे, असे ठरून गेले.

पॉलिश जानेवारीत सुरू केले आणि लगेच समोरच्या इमारतीचे पाडकाम निघाले. पुनर्विकासाबद्दल मत देण्याची ही जागा नव्हे, परंतु बाल्कनीत उघडा ठेवलेला पिचलॅप (राळेसारख्या पिचचा थर दिलेली पॉलिशची चकती) आणि सिमेंटची धूळ यांचा मेळ बसत नाही. दोन ओरखडे पडले, ते अजून आहेत आणि राहतील. त्यात ऑनलाइन मागवलेल्या सीरियम ऑक्साइडमध्ये, म्हणजे पॉलिशच्या पुडीत, खर निघाली. विक्रेत्याने उत्तर देण्याचेही कष्ट घेतले नाहीत. तेव्हापासून मी सीरियम पाण्यात ढवळते, जड कण तळाला बसू देते आणि वरचे पाणी दुसऱ्या बाटलीत निवळून घेते. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या कार्बोरंडमबद्दल मात्र माझी काही तक्रार नाही, आणि हाताने चोळून, प्रकाशात धरून घेता येते यासाठी मी यापुढे शक्यतो दुकानातूनच घेणार आहे.

आता कडेविषयी. फेब्रुवारीत पहिल्यांदा फुको लावली तेव्हा मधला भाग बरा होता, पण बाहेरची चार-पाच मिलिमीटर कड उतरलेली, म्हणजे हवी त्यापेक्षा खाली घासली गेलेली. रॉन्की चाचणीत, म्हणजे बारीक रेघांच्या जाळीतून आरसा पाहताना, दिसणाऱ्या रेषा टोकांशी हुकासारख्या वळत होत्या. अनेकांनी सुचवले की पाच मिलिमीटर झाकून टाका आणि पुढे चला. तसे केल्यास व्यास १४० उरतो आणि सुमारे १३ टक्के प्रकाश जातो, जे काही भयंकर नाही. परंतु पहिल्याच आरशाला काळी पट्टी लावायची माझी तयारी नव्हती.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय पिचवर जातो, आणि मुंबईत तो रास्तही असतो. जानेवारीच्या पहाटे जे पिच नखाला दाद देत नाही तेच मे महिन्यात, खोलीत ३२ अंश असताना, रात्रभरात पसरते. लॅपवरच्या चौकोनांमधल्या खाचा मला दर दोन दिवसांनी नव्याने कापाव्या लागत. मऊ लॅप काठावर वर चढतो आणि कड खातो, हे आपण सगळे वाचून असतो. म्हणून मी राळ वाढवून पिच कडक केले, ते इतके कडक झाले की काचेवर बारीक रेघोट्या उठल्या. मग टर्पेंटाइनचे थेंब घालून मऊ केले. जूनमध्ये एसी लावून खोली २५ अंशांवर ठेवली, लॅप दरवेळी अर्धा तास दाबून घेतला, स्ट्रोक (लॅपवर आरसा पुढेमागे सरकवायचे अंतर) व्यासाच्या एक तृतीयांशावरून एक पंचमांशावर आणला. कड थोडी सुधारल्यासारखी वाटे आणि दुसऱ्या दिवशी परत उतरलेली असे. पातेले खराब झाले, घरभर राळेचा वास राहिला, विजेचे बिल आले. जुलैची ती चिडकी नोंद याच दिवसांतली.

परंतु तेव्हा मी काही गोष्टी लिहिल्या नव्हत्या. मार्चअखेर बँकेत असल्याने तो महिना हातचा गेलाच होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा गेले. आजारपण असे काही नव्हतेच. संध्याकाळी त्यांनी डायलला तेल दिले होते आणि पहाटे ते उठले नाहीत. त्यानंतर महिनाभर मी आरशावरचे फडके काढले नाही. १३ मे रोजी मुलाचा दहावीचा निकाल लागला, अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगला, आणि पेढे आणल्यावर ते पहिल्यांदा कोणापुढे ठेवायचे या प्रश्नापाशी घरातले सगळे क्षणभर थांबले. मेअखेरीस गच्चीवर ताऱ्यावर चाचणी घ्यायची असे मी ठरवले होते, तर यंदा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवडे आधी. जूनमध्ये बढती मिळाली आणि तिच्यासोबत वसईची बदली. बदलीचे दुःख पहिल्याच सकाळी ओसरले, कारण उलट दिशेच्या गाडीत खिडकीची जागा मिळते आणि कूडर मास्कची (आरशाचे पट्टे वेगवेगळे मोजायला समोर लावायच्या खिडक्यांच्या पुठ्ठ्याची) सगळी गणिते मी मीरा रोड आणि नायगावच्या दरम्यान केली आहेत.

ऑगस्टमध्ये आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर तिने आधी माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांची दखल घेतली आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावरचे सीरियमचे गुलाबी डाग दाखवले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, ७ सप्टेंबरला, खग्रास चंद्रग्रहण होते. ढगांच्या फटींतून तांबूस चंद्र तीन-चार वेळा दिसला तेव्हा दुर्बीण तिच्याच हातात होती आणि ती कोणालाही देत नव्हती. या वर्षात आकाशाने आम्हाला दिलेली सर्वांत चांगली रात्र तीच, आणि तिचा माझ्या आरशाशी काही संबंध नव्हता.

दिवाळीच्या साफसफाईत बाबांची वही हाती आली. आकडे मी केव्हाच संगणकावर उतरवले असल्याने वही पुन्हा उघडण्याचे कारण नव्हते. उघडली तेव्हा दिसले की प्रत्येक वाचनाशेजारी त्यांनी घड्याळातली वेळ लिहिली होती, जी मी उतरवताना गाळली होती, आणि २३ फेब्रुवारीच्या पानावर समासात पेन्सिलीने एक ओळ होती: "काम संपल्यावर लगेच पाहिले तर कड बरी. सकाळी पुन्हा उतरलेली. असे का?" मला आठवले की त्यांनी हे मला विचारलेही होते आणि वाचनात चूक होत असेल असे म्हणून मी विषय मिटवला होता.

पिचचा दोष असता तर कड रात्रीही उतरलेलीच दिसायला हवी होती. काम संपताच बरी आणि थंड झाल्यावर वाईट, याचा अर्थ काम करताना कड गरम होत होती. मी आरसा वर ठेवून, दोन्ही तळव्यांनी काठाला घट्ट धरून पॉलिश करत होते. तळव्यांच्या उबेने कड फुगायची, फुगलेली असताना जास्त घासली जायची आणि थंड झाल्यावर तेवढीच खाली बसायची. आकडे मांडून पाहा: साध्या काचेचे प्रसरण अंशाला दशलक्षात नऊच्या आसपास, म्हणजे २५ मिलिमीटर जाडीची काच एका अंशाने सुमारे ०.२२ मायक्रॉन फुगते. माझ्या आरशात गोल आणि परवलय (आरशाला शेवटी द्यायचा आकार) यांतला काठावरचा फरकच मुळी ०.२९ मायक्रॉन आहे. बोरोसिलिकेट असते तर हा त्रास एक तृतीयांश झाला असता, आणि काच घेताना वाचवलेले पैसे मला असे फेडावे लागले.

खात्री करण्यासाठी पॉलिश न करता आरसा नुसता उजव्या बाजूने पाच मिनिटे तळव्यात धरला आणि स्टँडवर ठेवला. उजवी कड उभारलेली, डावी तशीच. पाव तासात उजवीही पूर्ववत बसली. बाबांना अंगठ्याची टेकडी मी स्वतः दाखवली होती आणि आठ महिने तोच अंगठा, दहापट मोठा, मी काठावर ठेवत होते.

उपाय अगदी साधा निघाला. प्लायवूडची १०० मिलिमीटरची चकती, तिच्यावर कपाटाची गोल मूठ, आणि काचेच्या पाठीला तीन नमद्याचे तुकडे दुहेरी टेपने. (मूठ पिचने चिकटवू नका; पिच आक्रसले की आरसा पिळला जातो आणि मग अस्टिग्मॅटिझमच्या, म्हणजे दोन दिशांना वेगळी वक्रता असण्याच्या दोषाच्या, मागे वर्ष घालवावे लागते.) थोडे कडक पिच, एक पंचमांश स्ट्रोक, वीस मिनिटे काम आणि एक तास विश्रांती. उतरलेली कड भरून येत नाही, उरलेला सगळा पृष्ठभाग तिच्या पातळीपर्यंत खाली न्यावा लागतो, म्हणून यात एकूण नऊ तास गेले. माझ्या मते पिचबद्दल आपण गरजेपेक्षा जास्त बोलतो आणि हातांबद्दल फार कमी.

पुढचा बेत असा होता की डिसेंबरमध्ये परवलय करायचे आणि जानेवारीत अ‍ॅल्युमिनियमचा थर द्यायला पाठवायचा. वाचने पूर्ण परवलयाला काठावर १.१७ मिलिमीटर यायला हवीत. माझ्या टेस्टरमध्ये फट सुरीबरोबर सरकते, म्हणून हा आकडा खोलीच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. सूत्र एकच असल्याने त्यात योगायोग नाही, तरी मला त्याची मौज वाटते. परंतु हे लिहिता लिहिता वेगळा विचार सुचला. या मापाचा नुसता गोल आरसादेखील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांशाच्या आसपास, म्हणजे चालेल इतक्या चुकीत, राहतो. मग आहे तसाच, थर न देता, नळीत बसवून चंद्राकडे का पाहू नये? उघडी काच चार टक्के प्रकाश परत देते आणि चंद्राला तेवढा पुष्कळ होतो. ताऱ्यावर कड कशी वागते तेही कळेल, आणि काही बिघडले असेल तर परत लॅपवर जाता येईल. नळीसाठी पुठ्ठ्याचा सोनोट्यूब शोधत होते, तो विचारही सोडते. प्लायवूडची चौकोनी पेटी मला घरीच करता येईल. बाबांची करवत आणि गुण्या जागेवरच आहेत.

म्हणजे परवलय फेब्रुवारीवर गेले. त्याआधी, येत्या शनिवारी रात्री, आरसा आठवडाभर हात न लावता ठेवून वाचने पुन्हा घेणार आहे, एकदा एक वाजता आणि एकदा साडेतीनला, आणि या वेळी वेळेचा रकाना गाळणार नाही. मुलाची रविवारी सकाळी क्लासची परीक्षा असल्याने आकडे लिहायला आई बसणार आहे. डायलवरचे काटे तिला आता माझ्यापेक्षा स्पष्ट दिसतात.