लॅपटॉपवर उतरतं, नॅसवर आपटतं

मागच्या नोंदीत घरगुती नॅस (घरच्या नेटवर्कवरून वापरायची साठवण) उभा राहिल्याचं लिहिलं होतं: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा लिनक्स संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्याला २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, एक्स्ट४ फॉरमॅट (लिनक्सची फायली ठेवायची पद्धत), वर सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्रॅम), आणि विंडोज लॅपटॉपवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला शेअर. त्यानंतर तीन आठवडे मी फक्त एकाच गोष्टीशी झटापट करतोय. झेड ड्राइव्हवर थेट डाउनलोड लावलं की मधूनच काही फायली लाल होतात आणि समोर एकच शब्द येतो, फेल. का, कुठे, कशामुळे, काही नाही.

काय उतरवतोय तेही सांगतो, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच निघाली. साताऱ्याचे माझे काका तीस वर्षं ग्रंथालयात होते. सार्वजनिक संग्रहांतल्या, हक्क संपलेल्या जुन्या मराठी मासिकांचे स्कॅन ते शोधतात, मला यादी पाठवतात आणि मी उतरवून ठेवतो. फाइलला नाव काय द्यायचं तेही यादीतच लिहिलेलं असतं, डाउनलोडर ते तसंच उचलतो. काकांची नावं म्हणजे पूर्वीची तालिकापत्रं. मासिक, वर्ष, अंक, महिना, शके, शिवाय आत काय काय आहे ते. पहिल्या यादीत त्यांनी 'वर्ष ३ : अंक ११' असं लिहिलं होतं. विंडोजला फाइलच्या नावात विसर्गासारखं दिसणारं ते कोलन चालत नाही. पायवरून उतरवलेल्या त्या फायली विंडोजमध्ये आठ अक्षरांच्या विचित्र, नागमोडी रेघेच्या शेपटीच्या नावांनी दिसायला लागल्या. ते तासाभरात उमगलं आणि कोलन गेलं. बाकीचं एवढं सोपं नव्हतं.

पहिला शनिवार

वीज गेली, दहा मिनिटांनी आली. संध्याकाळी झेड उघडला तर आतलं सगळं गायब. चार महिन्यांचं जमवलेलं काही नाही, फक्त त्या दुपारी उतरलेल्या चौदा फायली. आणि पुढची प्रत्येक फाइल फेल, यावेळी जरा स्पष्ट शब्दांत: जागा नाही.

पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू. पण विंडोज झेडची एकूण क्षमता दाखवतं तिथे नजर गेली. २९ जीबी. माझी डिस्क २ टीबीची. घरात २९ जीबी दाखवणारी वस्तू एकच, पायमधलं ३२ जीबीचं मेमरी कार्ड.

मग उलगडलं. डिस्क जोडली गेली नाही तरी पाय सुरू व्हावा म्हणून मी एफएसटॅबमध्ये (कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नोफेल लिहून ठेवलं होतं. वीज आल्यावर डिस्क उठलीच नाही, पाय मात्र शहाण्यासारखा तिच्याविना सुरू झाला. डिस्क ज्या फोल्डरवर माउंट होते, म्हणजे जोडली जाऊन दिसते, तो फोल्डर तर कार्डावर आहेच, रिकामा. सांबाने तोच शेअर म्हणून पुढे केला. डाउनलोडर बिचारा कार्ड भरेपर्यंत त्यात लिहीत राहिला.

डिस्क हाताने माउंट केली आणि जुनं सगळं परत दिसलं. पण त्या चौदा फायली गेल्या! गेल्या नव्हत्या, झाकल्या गेल्या होत्या. माउंट म्हणजे फरशीवर सतरंजी अंथरणं. फरशीवर जे पडलंय ते तिथेच असतं, दिसत नाही एवढंच. कार्ड किती भरलंय हे सांगणारी आज्ञा म्हणते पूर्ण भरलंय, आणि फोल्डरांचा हिशेब करणारी म्हणते अहो, इथे तर एवढं काहीच नाही. पूर्ण मूळ फाइलसिस्टीम (कार्डावरची सगळी फोल्डररचना) दुसऱ्या जागी बाइंड माउंट केली, म्हणजे तिथूनही दिसेल अशी जोडली, की सतरंजीखालचं दिसतं. सापडलं, ११ जीबी. सगळं डिस्कवर हलवलं.

उपाय दोन. डिस्क अनमाउंट करून तो रिकामा फोल्डर चॅट्र या आज्ञेने 'बदलता न येणारा' करून टाकला. आता डिस्क नसेल तर त्यात रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यालासुद्धा, फाइल करता येत नाही, डाउनलोड पहिल्याच सेकंदाला मरतं. गुपचूप चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नोफेल वापरणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरा उपाय विजेचा. डिस्क उठली का नाही? पायला मी जुना मोबाइल चार्जर लावला होता, ५ व्होल्ट, २ अँपिअर. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देऊ शकतात, पण ते मुळात अ‍ॅडॉप्टरकडून यायला हवेत ना. पायला थ्रॉटलिंगची (वेग आवळण्याची) स्थिती विचारली तर उत्तर शून्य-एक्स-५००००. म्हणजे सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलंय आणि प्रोसेसरचा वेगही आवळला गेलाय. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ही खूण उमटते. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अ‍ॅडॉप्टर आणला. सगळं इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलं आणि इन्व्हर्टरच्या मागचं बटण नॉर्मलवरून यूपीएसवर केलं. हे बटण सहा वर्षांत कुणी बघितलंच नव्हतं. नॉर्मलवर असताना वीज गेली की पंख्याला कळतही नाही, पण पाय तेवढ्यात रीस्टार्ट होतो.

वाटलं, संपलं.

दुसरा आठवडा

नाही संपलं. आता डिस्क जागेवर, १.१ टीबी रिकामी, व्होल्टेज ठीक. तरी काकांच्या ताज्या यादीतल्या २१२ पैकी ३८ फायली फेल. आणि दर वेळी त्याच ३८. हा फार महत्त्वाचा धागा होता आणि मी तो चार दिवस हातात घेतला नाही. नेटवर्कचा दोष असता तर दर वेळी वेगळ्या पडल्या असत्या. पण मी काय केलं? केबल बदलली. वायफाय सोडून लॅपटॉप थेट राउटरला जोडला. अँटिव्हायरस बंद केला. परवानग्या ७७७ (कुणीही काहीही करावं अशा) करून ठेवल्या, ज्याची आता लाज वाटते. कशानेच काही झालं नाही.

मग त्या ३८ पैकी एक लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून बघितली. उतरली. तीच फाइल एक्सप्लोररमधून झेडवर ओढली. कॉपी झाली! म्हणजे लॅपटॉपवर उतरते, नॅसवर कॉपी होते, पण थेट नॅसवर उतरत नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर फेल झालेल्या आणि पास झालेल्या नावांच्या दोन याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या. आधी वाटलं, मराठी नावांचा लोचा आहे. पण पास झालेल्याही मराठीच होत्या. मग लांबीने लावल्या आणि डोक्यात उजेड पडला. फेल झालेल्या सगळ्या लांब नावांच्या होत्या, एकही अपवाद नाही.

त्यातलं हे एक नाव, जसंच्या तसं:

मासिक संग्रह वर्ष तिसरे अंक अकरावा कार्तिक शके १८५० संपादकीय कविता कथा निबंध व पुस्तक परीक्षण

पुढे डॉट पीडीएफ. मोजली तर ९७ चिन्हं. मर्यादा तर २५५ ची असते, मग अडलं कुठे?

अडलं ते मोजण्याच्या एककात. विंडोजच्या एनटीएफएस या फाइलसिस्टीमवर नावाची मर्यादा २५५ चिन्हांची, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे एकच धरलं जातं. लिनक्सच्या एक्स्ट४ वर मर्यादा २५५ बाइटची. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी चिन्ह तीन बाइटचं. त्यातही चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. 'महाराष्ट्र' आपल्या लेखी चार अक्षरं. संगणकाच्या लेखी म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र, अशी दहा चिन्हं, म्हणजे ३० बाइट. रोमन लिपीत लिहिलं तर ११. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे आपापले तीन बाइट वसूल करतात. निव्वळ देवनागरीत नाव असेल तर ८५ चिन्हांना गाडी थांबते.

वरच्या नावात ७८ देवनागरी चिन्हं, म्हणजे २३४ बाइट. १५ मोकळ्या जागा, आणि डॉट पीडीएफचे ४. एकूण २५३. (डब्ल्यूसी या मोजणीच्या आज्ञेने मोजताना आधी मला २५४ आले होते. तिला नाव पुरवणारी एको आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते, तो एक बाइट तिचा. तुम्हीही मोजाल तेव्हा सांभाळा.)

२५३ म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून कॉपी झाली. मग डाउनलोड का नाही? कारण माझा डाउनलोडर अपुऱ्या फाइलच्या नावामागे डॉट पार्ट लावतो आणि पूर्ण झाली की काढतो. पाच बाइट. २५८. एक्स्ट४ म्हणते, तीन जास्त झाले, चालायला लागा.

पायवर जाऊन रिकामी फाइल बनवून बघितली. मूळ नावाने बनली. मागे डॉट पार्ट लावून बनवायला गेलो तर तिने चक्क सांगितलं: फाइल नेम टू लाँग. चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं कारण बोललं. लॅपटॉपवरच्या डाउनलोडरपर्यंत येईस्तोवर त्याच वाक्याचं फेल झालं होतं. म्हणून आता माझा नियम असा, की शेअरवर काही अडलं तर पहिली चाचणी नॅसवर लॉगिन करून तिथेच करायची.

३८ पैकी ९ या 'फक्त शेपटीमुळे' अडलेल्या गटातल्या. बाकी २९ मुळातच २५५ च्या वर, त्या कॉपीसुद्धा झाल्या नसत्या. योगायोगाने मी चाचणीला नऊतलीच एक उचलली होती. दुसरी उचलली असती तर दोन दिवस वाचले असते.

हे शोधताना आणखी एक कळलं. ईक्रिप्टएफएस या लिनक्सच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फोल्डरमध्ये नावही कूटबद्ध होतं आणि फुगतं, त्यामुळे हातात १४३ बाइटच उरतात. देवनागरीची ४७ चिन्हं. मराठी संग्रह तसल्या फोल्डरमध्ये ठेवणाऱ्यांनी आजच मोजून घ्या.

आणि एक गंमत. चुलतभावाच्या जुन्या मॅकवरून आलेल्या फोल्डरमध्ये 'दुसऱ्या आवृत्ती'ची फाइल दोनदा दिसत होती, नाव हुबेहूब तेच. एकीत आपला ऱ एकसंध चिन्ह, दुसरीत र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं. जुनी मॅक फाइलसिस्टीम नावं अशी फोडूनच ठेवते, लिनक्स त्यांना दोन वेगळी नावं मानतं. डोळ्यांनी फरक दिसणं अशक्य.

तिसरा आठवडा

डाउनलोडरमध्ये अपुऱ्या फायली लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवायची सोय होती, ती चालू केली. नऊ सुटल्या. उरलेल्या २९ ची नावं कापायला काकांची परवानगी हवी होती. फोन केला.

"काका, नावं जरा लहान करूया का? मशीनला झेपत नाहीयेत."

"अरे, पण मग उद्या शोधणार कशावरून? आत काय आहे ते बाहेर दिसायला नको?"

त्यांना बाइटचं सांगितलं, महाराष्ट्रचं उदाहरण दिलं. काना वेगळा मोजतात हे ऐकून ते थोडे भडकलेच. मग म्हणाले, "पुस्तकाच्या पाठीवर आम्ही काय पुस्तकाचं नाव लिहायचो होय? दाखल क्रमांक टाकायचा. बाकी सगळं नोंदवहीत." मी आठवडाभर नावं आपोआप कापणारी स्क्रिप्ट लिहीत बसलो होतो, जोडाक्षराच्या मधोमध कात्री चालू नये म्हणून झगडत होतो. ती तिथेच बंद केली.

आता फाइलचं नाव म्हणजे चार आकडी दाखल क्रमांक, पुढे मासिकाचं नाव आणि शक. सगळ्यात लांब नाव ७१ बाइट. काकांची पूर्ण वर्णनं दाखल नोंदवही नावाच्या स्प्रेडशीटमध्ये, तीही झेडवरच, आणि तिथे ते हवं तेवढं लांब लिहू शकतात. लिहितातही.

कालच्या रात्रीत २१२ पैकी २१२ उतरल्या. सकाळी काकांचा फोन. ते जुन्या फायलींनाही क्रमांक घालत एकेक उघडून बघत होते आणि ५५ क्रमांकाची उघडत नव्हती. तारीख बघितली तर पहिल्या शनिवारची. सतरंजीखालून काढलेल्या चौदांपैकी शेवटची, कार्ड भरलं तेव्हा लिहिली जात होती ती. आज रात्री परत लावलीये.