बांधावरच्या चिंबोऱ्या आणि मॉस लँडिंगची पाणमांजरं

गेल्या सप्टेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही दोघं कॅलिफोर्नियातल्या एल्कहॉर्न स्लूला कयाकिंगला (म्हणजे अरुंद होडी वल्हवायला) गेलो होतो, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय, आज मुहूर्त लागला. स्लू म्हणजे साध्या मराठीत खाडी. सिलिकॉन व्हॅलीतल्या सनीवेलहून दीड तास, वाटेत कॅस्ट्रोव्हिल लागतं, तिथे रस्त्यावर आडवी कमान आहे, 'आर्टिचोक सेंटर ऑफ द वर्ल्ड', आणि दोन्ही बाजूंना खरंच नजर जाईल तिथपर्यंत आर्टिचोक, ही इथली एक भाजी. मग मॉस लँडिंग. मॉन्टेरे बेच्या बरोबर मधोमध हे छोटंसं बंदर, वीजकेंद्राच्या दोन ५०० फुटी चिमण्या लांबूनच दिसतात, आणि त्यांच्या पायथ्याशीच समुद्र जमिनीत घुसतो तो वळणं घेत घेत ७ मैल आत जातो.

गाडीचं दार उघडलं आणि पहिला वास आला तो चिखलाचा. ओहोटीच्या खाडीचा तो कुजका खारट वास, ज्याला माझा नवरा "अगं इथे काहीतरी मेलंय" म्हणाला आणि मला मात्र एकदम आजोळी गेल्यासारखं वाटलं. माझं आजोळ अलिबागजवळ खारेपाटात. आणि नवरा लातूरचा. ज्या गावाला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथला माणूस, त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी, पोहता येत नाही, आणि तरीही कयाकचं बुकिंग त्यानेच केलं होतं हे विशेष. (लाइफ जॅकेट घातल्यावर त्याने ते चार वेळा ओढून बघितलं. मी पाहिलं, बोलले नाही.)

कयाक भाड्याने देणाऱ्या मुलीने दहा मिनिटं माहिती दिली, त्यातलं मुख्य म्हणजे पाणमांजरांपासून (ही समुद्रातली, सी ऑटर) किमान पाच कयाकच्या लांबीएवढं लांब राहायचं. सरळ त्यांच्या दिशेने जायचं नाही, बाजूने सावकाश निघून जायचं, थांबून राहायचं नाही. आणि एक खूण सांगितली ती मला फार आवडली, की पाणमांजर मान वर करून तुमच्याकडे बघायला लागलं म्हणजे तुम्ही ऑलरेडी जास्त जवळ गेलात. दुसरी गोष्ट तिने सांगितली वाऱ्याची, दुपारी एकच्या आत परत फिरा म्हणाली. ती आम्ही मान डोलावून ऐकली आणि विसरलो, त्यावर पुढे येतेच.

दोघांची कयाक होती. मी पुढे, तो मागे, मागचा वळवतो. पहिली पंधरा मिनिटं आम्ही बंदरातच गोल फिरत होतो. मी उजवीकडे वल्हं मारलं की हा पण उजवीकडे, मग नाक धक्क्याकडे, आणि धक्क्यावर ढिगाने पडलेले सी लायन (सीलचेच भाऊबंद) आमच्याकडे बघून भुंकतायत. भुंकतात म्हणजे खरंच कुत्र्यासारखे, शेकड्याने. शेवटी मी मोठ्याने "डावं, उजवं, डावं" म्हणायला लागले तेव्हा जमलं. हायवे १ च्या पुलाखालून पलीकडे गेलो आणि एकदम शांत झालं. भरती चालू होती त्यामुळे पाणीच आम्हाला आत नेत होतं, वल्हं नुसतं दिशेपुरतं.

दोन्ही काठांना बुटकी मांसल हिरवी झुडपं, पिकलवीड म्हणतात. आपल्याकडे मोरसची भाजी खातात ना खाडीकाठी, तिच्याच कुळातलं, तसंच खारट. तिवरं मात्र नाहीत, इथे थंडी फार त्यांच्यासाठी. तिवरांशिवाय खाडी ही मला टक्कल केल्यासारखी वाटली आधी. पण मग चिखल उघडा पडलेला एक पट्टा आला आणि त्यावर लांब वाकड्या चोचीचे कर्ल्यू पक्षी, त्यांच्या बाजूला गॉडविट, शिवणयंत्र चालावं तसं खटाखट चिखलात चोच घालत होते. एक मोठा पांढरा बगळा इतका स्थिर की नवऱ्याला तो प्लॅस्टिकचा वाटला. डोक्यावरून तपकिरी पेलिकन रांगेत, पाण्याला पोट टेकेल इतके खाली. डीडीटी या कीटकनाशकामुळे यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायला लागली होती की आई बसली की फुटायची, पार संपत आले होते, २००९ मध्ये धोक्याच्या यादीतून बाहेर आले. त्या दिवशी तरी त्यांच्याकडे बघून असा काही भूतकाळ असेल असं वाटलं नाही, एकाने आमच्या समोरच सूर मारला आणि चोचीची झोळी भरून वर आला.

आणि मग खटखट आवाज आला. कोणीतरी दगडावर नारळ आपटतंय असा. नवरा म्हणाला, काय की ते बघ. पाणमांजर उताणं तरंगत होतं, पोटावर दगड, दोन्ही पंज्यांत शिंपलं, आणि आपटत होतं. फुटलं, खाल्लं, कुशीवर लोळून पोट धुतलं, परत बुडी. मिनिटभराने परत वर, या वेळी खेकडा. त्याचे पाय एकेक तोडून, आधी नांगी, मग बाकीचं, अगदी आमच्याकडे चिंबोरी खातात त्याच क्रमाने. मी वल्हं मांडीवर ठेवून नुसती बघत राहिले. नवऱ्याला म्हटलं, अरे हे माझ्या मामासारखं खातंय.

यांच्या अंगावर चरबीचा थर नसतो सील-व्हेलसारखा, सगळी भिस्त केसांवर, म्हणून थंड पाण्यात ऊब टिकवायला दिवसभर खातच राहावं लागतं, वजनाच्या जवळजवळ पाव हिस्सा रोज. नवऱ्याने लगेच हिशोब केला, तो ८० किलो, म्हणजे २० किलो तिसऱ्या. शाकाहारी माणूस हिशोब मात्र बरोबर करतो. आणि त्या केसांपायीच ती मारली गेली. व्यापाऱ्यांनी कातड्यासाठी इतकी मारली की कॅलिफोर्नियातली संपलीच असं लोक धरून चालले होते, १९३८ मध्ये इथल्याच किनाऱ्यावर बिग सरजवळ पन्नासेक सापडली, आजची इथली साधारण ३००० ही सगळी त्यांचीच वंशावळ. या एकट्या खाडीत शंभरच्या आसपास आहेत.

त्यातली कितीतरी तर दत्तक आयांनी वाढवलेली. ही गोष्ट मी घरी येऊन वाचली आणि नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितली. आईपासून तुटलेली पिल्लं मॉन्टेरे बे अॅक्वेरियममध्ये आणतात, तिथे समुद्रात परत सोडता न येणाऱ्या माद्या त्यांना सांभाळतात, शिंपलं कसं फोडायचं, खेकडा कसा धरायचा सगळं शिकवतात. माणसांचा लळा लागू नये म्हणून कर्मचारी काळा झगा आणि वेल्डिंगचा मुखवटा घालून पिल्लांजवळ जातात! मग मोठी झाली की या खाडीत सोडतात. २००२ पासून हे सुरू झालं आणि पुढच्या पंधरा वर्षांत इथली जी संख्या वाढली त्यातली निम्म्याहून जास्त वाढ या सोडलेल्या पिल्लांची आणि त्यांच्या पिल्लावळीची. आम्ही पाहिलेल्यात एक आई होती, पोटावर पिल्लू घेऊन तरंगणारी. बुडी मारायच्या आधी तिने त्याला पाण्यावर ठेवलं आणि ते बुचासारखं तरंगत राहिलं, केस इतके फुगीर की बुडू म्हटलं तरी बुडता येत नाही, आणि आई वर येईपर्यंत केकाटत होतं. आम्ही पाचाच्या ऐवजी सात-आठ कयाकभर लांब होतो, तरी तिने एकदा मान वर केली. गुपचूप निघालो.

पण माझ्या डोक्यात अडकलं ते वेगळंच. १९४० च्या दशकात इथे बंदरासाठी समुद्राचं तोंड नव्याने उघडलं, तेव्हापासून भरती-ओहोटीचा जोर वाढला आणि काठ ढासळायला लागले. त्यात भर खेकड्यांची, ते काठात भोकं पाडतात, पिकलवीडची मुळं खातात, काठ पोकळ होतो आणि पडतो. आणि २०२४ मध्ये नेचर मासिकात संशोधन आलं की जिथे पाणमांजरं भरपूर आहेत तिथे ती खेकडे फस्त करतात आणि धूप काही ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत कमी झाली.

हे वाचून मी जागीच बसले, कारण चिंबोऱ्यांच्या भोकांची भीती मी लहानपणापासून ऐकलीये. खारेपाटात समुद्राचं पाणी भातात येऊ नये म्हणून मातीचे बांध. पावसाळ्याआधी आजोबा बांधावरून चालत जायचे, काठीने भोकं शोधायचे, चिखलाने बुजवायचे. एक भोक राहिलं आणि मोठी उधाणाची भरती आली की तिथूनच खांड पडते, आणि एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरा. रात्री आम्ही पोरं बत्ती घेऊन चिंबोऱ्या पकडायला जायचो तेव्हा आजोबा कधीच ओरडले नाहीत, उलट म्हणायचे मोठ्या मोठ्या आणा. मला वाटायचं कालवणासाठी.

असो. वाऱ्याचं राहिलं. आम्ही काठावर पडलेल्या सीलांचे फोटो काढत (केळी पडल्यासारखी दिसतात, डोकं आणि शेपटी दोन्ही वर) आणि भिजलेलं थालीपीठ खात बसलो, घड्याळ बघितलं तर पावणेदोन. ओहोटी लागली होती, म्हटलं चला पाणीच नेईल बाहेर. पण समुद्रावरून वारा सुटला तो सरळ तोंडावर, खालून पाणी इकडे ओढतंय, वरून वारा तिकडे ढकलतोय, दोघांच्या भांडणात उभ्या लाटा आणि प्रत्येक लाट माझ्या मांडीत. यायला लागला होता एक तास, जायला अडीच. बोलणं बंद. फक्त डावं, उजवं, डावं. पुलापाशी तर ओढ इतकी की न वळता तसंच राहिलो असतो तर बंदराच्या तोंडातून थेट पॅसिफिक, तिथे मी जे काही ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लातूरकराने मात्र दात-ओठ खाऊन कयाक बरोबर धक्क्याला लावली आणि उतरल्यावर पहिलं वाक्य काय, तर "परत कधी यायचं?"

दुसऱ्या दिवशी हात वर होत नव्हते, केस विंचरायला पण. तसंच व्हिडिओ कॉलवर आजोबांना फोटो दाखवले. म्हटलं, आजोबा, इथे हे पाणमांजर चिंबोऱ्या खाऊन बांध राखतं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "सगल्या खाल्लान? मंग तुमाला काय ठेवलान?"